खराब झालेलं फ्लोअरिंग: इमारतीचा क्लेम की सामानाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दहा दिवसांपूर्वी वरच्या सदनिकेच्या बाथरूममध्ये गिझरकडे जाणारा पाइप फुटला. खालच्या, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याच्या, घरात त्या रात्री कोणी नव्हतं, त्यामुळे सकाळपर्यंत पाणी गळत राहिलं. हॉलमधल्या काही व्हिट्रिफाइड टाइल्स आता पोकळ वाजतात, बेडरूममधलं लॅमिनेट (लाकडासारखं दिसणारं पट्ट्यांचं फ्लोअरिंग) फुगलंय आणि पलंगाशेजारचा गालिचा वासामुळे टाकून द्यावा लागणार आहे. गृहकर्जाच्या वेळी बँकेने 'भारत गृह रक्षा' पॉलिसी काढून दिली होती, पण तिच्यात फक्त इमारतीचं कव्हर आहे, सामानाचं नाही. विमा कंपनीकडे फोन केल्यावर उत्तर मिळालं, "वुडन फ्लोअरिंग इंटिरिअरमध्ये येतं, म्हणजे ते सामान." हे खरं का, आणि खरं असेल तर सगळाच क्लेम गेला का?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. टाइल्स इमारतीत येतात, यात वादाला जागाच नाही. गालिचा सामानात येतो, त्याचे पैसे या पॉलिसीतून मिळणार नाहीत. लॅमिनेट माझ्या मते इमारतीत येतं. तिथे हुज्जत घालावी लागू शकते, पण बाजू तुमची आहे. आणि फोनवर कोणी काय सांगितलं याला क्लेमचा निर्णय समजू नका. निर्णय लेखी आणि कारणासह यायला हवा.

मी मालमत्तेच्या नुकसानीची पाहणी करणारा परवानाधारक सर्व्हेअर आहे. फ्लोअरिंगचे दावे माझ्याकडे नेहमी येतात, त्यात पावसाळ्यानंतर जास्त. असे दावे फेटाळले जातात तेव्हा 'इमारत की सामान' हे कारण क्वचितच असतं. बहुतेक वेळा 'हे नेमकं कशामुळे झालं' इथे घोडं अडतं. म्हणून वर्गवारी सांगून झाली की मी कारणावर जास्त वेळ घालवणार आहे, ते कृपया वाचाच.

'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, घरांसाठी ती सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना लागू केली. त्यामुळे कंपनी कोणतीही असो, मूळ कलमं तीच. त्यात मालमत्तेचे मुख्य कप्पे दोनच आहेत, इमारत आणि घरातलं सामान. इमारतीच्या व्याख्येत जमिनीला, भिंतींना किंवा छताला कायमस्वरूपी जोडलेल्या वस्तू धरल्या आहेत. बसवलेली सॅनिटरी फिटिंग्ज आणि वायरिंग त्यात येतात. गॅरेज, कंपाउंडची भिंत, गेट अशी घराचा भाग म्हणून वापरली जाणारी बांधकामंही येतात. जे इमारतीला कायमचं जोडलेलं नाही ते सामान. 'इंटिरिअर' असा तिसरा कप्पा त्यात नाही. सुताराच्या किंवा डेकोरेटरच्या बिलावर 'इंटिरिअर वर्क' लिहिलेलं असतं, म्हणून तो शब्द तोंडात बसलाय, एवढंच.

आता कायमस्वरूपी जोडलेलं म्हणजे काय? फक्त स्क्रू मारलाय की नाही एवढ्यावर हे ठरत नाही. याच पॉलिसीत भिंतीवर लावलेली विजेची उपकरणं सामानात धरली आहेत. भिंतीवरचा एसी चांगला चार बोल्टांवर घट्ट बसवलेला असतो, तरी तो सामान. तो उतरवून दुसऱ्या घरात लावता येतो, आणि लोक लावतातही. फ्लोअरिंगसमोर उभा राहिलो की मी स्वतःला तीन गोष्टी विचारतो. काढताना ते मोडेल का? न मोडता निघालं तरी दुसऱ्या खोलीत जसंच्या तसं बसेल का? आणि घर विकलं तर मालक ते गुंडाळून नेईल की तिथेच सोडून जाईल?

सिमेंटवर किंवा केमिकलवर बसवलेली टाइल, कोटा, संगमरवर, मोझॅक ही सगळी इमारत. चिकटवलेलं किंवा खिळ्यांनी ठोकलेलं लाकडी फ्लोअरिंगही इमारत. अंथरलेला गालिचा, सतरंजी, बाल्कनीत एकमेकांत अडकवून ठेवलेल्या लाकडी डेक टाइल्स, नुसतं पसरलेलं कृत्रिम गवत हे सामान. भिंतीपासून भिंतीपर्यंत गोंदाने चिकटवलेलं कार्पेट किंवा विनाइल मी इमारतीत धरतो. तेच विनाइल रोलमधून कापून नुसतं अंथरलेलं असेल, तर सामानात.

लॅमिनेटचं कोडं यामुळेच पडतं. क्लिक पद्धतीचं लॅमिनेट जमिनीला चिकटवलेलं नसतं. खाली फोमचा पातळ थर, त्यावर एकमेकांत अडकवलेल्या पट्ट्या, आणि कडेला भिंतीपासून थोडी फट ठेवून वरून स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायाशी लावलेली पट्टी. कंपनीचा माणूस 'गोंद नाही, खिळा नाही, म्हणजे जोडलेलं नाही' असं म्हणतो. ऐकायला ते तर्कशुद्ध वाटतं. पण तिन्ही प्रश्न लावून पाहा. पट्ट्या खोलीच्या मापाने कापलेल्या असतात, दाराच्या चौकटीभोवती खाचा पाडलेल्या असतात, कडा स्कर्टिंगखाली अडकवलेल्या असतात, उंबऱ्याशी धातूची पट्टी मारलेली असते. ते उचलून दुसऱ्या खोलीत टाकायचं तर निम्मे तुकडे कामाचे राहत नाहीत. घर विकताना कोणी ते सोबत नेल्याचं माझ्या पाहण्यात नाही. शिवाय ते खोलीची तयार जमीन म्हणून वापरात असतं. एवढं सगळं असताना त्याला गालिच्याच्या रांगेत बसवणं मला पटत नाही, आणि माझ्या अहवालात मी ते इमारतीतच मांडतो.

पण यात परिस्थितीचा भाग आहे, तो लपवत नाही. स्कर्टिंग नसेल, दोन खोल्यांमधल्या मोकळ्या जागेत चटईसारख्या पट्ट्या टाकल्या असतील, किंवा भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने टाकून जाताना न्यायच्या असतील, तर माझंही मत बदलेल. म्हणून तुमच्या लॅमिनेटच्या कडांचे, दाराशी केलेल्या कापाचे आणि स्कर्टिंगचे फोटो आजच काढा. वर्गवारीचा तुमचा मुख्य पुरावा तोच आहे. बसवणाऱ्याच्या बिलात 'फिटिंगसह', 'स्कर्टिंगसह' असे शब्द असतील तर ते बिलही जोडा.

आता कारणाकडे येतो. ही पॉलिसी ठरावीक घटनांची आहे. काहीही बिघडलं की पैसे, अशी ती नाही. आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, जमीन खचणं, बाहेरच्या वस्तूची धडक, दंगल अशी यादी आहे, आणि त्या यादीत पाण्याच्या टाक्या, उपकरणं व पाइप फुटणं किंवा ओसंडून वाहणं हेही आहे. तुमचं प्रकरण इथे बसतं. फुटलेला पाइप तुमच्याच घरातला हवा, अशी अट त्या घटनेत नाही.

पण 'फुटणं' आणि 'झिरपणं' यात क्लेमच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक आहे. वरच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग गेलंय आणि महिनोन्‌महिने ओल उतरतेय, तर ती यादीतली घटना नाही, ती देखभालीची बाब. सर्व्हेअर जागेवर येतो तेव्हा त्याची नजर हाच फरक शोधत असते. मी काय बघतो ते सांगतो. लॅमिनेटची एक पट्टी उचलून खालचा फोम बघतो. एका रात्रीच्या पाण्यात फोम ओला असतो, पण स्वच्छ असतो. जुनी ओल असेल तर त्यावर काळी बुरशी आणि कुबट वास असतो. टाइल्सच्या सांध्यांत किंवा स्कर्टिंगच्या वर पांढरा क्षार फुललेला दिसला, तर पाणी भिंतीत मुरून, वाळून, पुन्हा मुरतंय हे कळतं. ते एका रात्रीत होत नाही. छतावरचा डाग बघतो. ताज्या पाण्याच्या डागाला साधारण एकच कडा असते, जुन्या गळतीला पिवळसर वर्तुळात वर्तुळं पडतात. स्कर्टिंगचे खिळे गंजलेत का तेही बघतो. मग ओलावा मोजायचं मीटर भिंतीला लावून खालून वर आकडे घेतो.

तुम्ही म्हणता घटना दहा दिवसांपूर्वीची आहे. खोली बंद ठेवली असेल तर फोमखाली बुरशी आतापर्यंत धरलीही असेल, आणि उद्या येणारा सर्व्हेअर ती जुनी समजू शकतो. यावर उपाय म्हणजे तारखेचा पुरावा. पाणी दिसलं त्या सकाळचे मोबाइलमधले मूळ फोटो, सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज, वरच्यांनी बोलावलेल्या प्लंबरची पावती, आणि जमलं तर फुटलेल्या पाइपचा तुकडा. तो तुकडा फार मोलाचा असतो. प्लंबर तो कचऱ्यात टाकतात, त्यामुळे वरच्यांकडे आजच चौकशी करा. प्लंबरच्या पावतीवर 'पाइप बदलला' एवढंच असेल, तर 'गिझरचा पाइप फुटल्यामुळे बदलला' असं तारखेसह लिहून घ्या.

टाइल्सबद्दल मात्र सावध करतो. चांगली व्हिट्रिफाइड टाइल स्वतः पाणी जवळपास पीत नाही. तिची शोषण्याची मर्यादाच अर्ध्या टक्क्याच्या आत असते. त्यामुळे 'पाण्याने टाइल खराब झाली' असं लिहिलंत, तर जाणकार सर्व्हेअर लगेच भुवई उंचावेल. पाण्याने बिघडू शकतो तो खालचा थर किंवा सांध्यांत भरलेलं ग्राउट. आणि पोकळ वाजणाऱ्या टाइल्स बऱ्याच घरांत पहिल्या दिवसापासून असतात, कारण बसवताना खालचा मसाला सगळीकडे भरलेला नसतो. मी नाण्याने टाइल वाजवत खोलीभर फिरतो. पाणी जिथे साचलं तिथेच पोकळ आवाज येत असेल तर पाण्याशी संबंध जोडता येतो. कोरड्या कोपऱ्यातही तोच आवाज असेल, तर ते जुनं काम. तुम्ही स्वतः एकदा हॉल असा वाजवून पाहा आणि कागदावर नकाशा काढून पोकळ टाइल्सवर खुणा करा. ज्या टाइल्स खरंच उचलल्या गेल्यात, हलतात, ज्यांचे सांधे उघडलेत, तेवढ्याच मागा. सरसकट सगळा हॉल मागितलात की लॅमिनेटच्या खऱ्या मागणीवरही संशय येतो.

लॅमिनेटचं उलट आहे. त्याचा गाभा दाबून केलेल्या लाकडी तंतूंचा असतो. पाणी लागलं की पट्ट्यांच्या कडा फुगून वर येतात, आणि वाळल्यावरही त्या पूर्ववत होत नाहीत. खऱ्या लाकडाची फळी सावकाश वाळवली तर कधी कधी सरळ होते, लॅमिनेट नाही. कंपनीने 'वाळू द्या, बसेल' असं सुचवलं, तर वाळल्यानंतरच्या कडांवर स्टीलची पट्टी आडवी ठेवून फोटो काढा. पट्टीखालची फट बोलते.

आणखी काही कारणं वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी कामाची आहेत, म्हणून झटपट सांगतो. तळमजल्याची फरशी भराव दबल्यामुळे खचली, तर ती जमीन खचण्याच्या कलमात बसत नाही. भराव दबणं, नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं आणि सदोष काम हे तिथे स्पष्टपणे वगळलंय. हातातून वरवंटा पडून टाइल फुटली, तर धडकेचं कलम बाहेरच्या वस्तूंबद्दल आहे, वाहन, झाड, भिंत वगैरे. माझ्या मते वरवंटा त्यात येत नाही. पुराचं पाणी घरात शिरून फ्लोअरिंग उखडलं, तर ते सरळ कव्हरमध्ये आहे.

पैशाकडे वळू. इमारतीची विमा रक्कम घराच्या बाजारभावावर ठरत नाही. चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर, असा तो हिशोब असतो, त्यात जागेची किंमत नसते. बँकेमार्फत काढलेल्या काही पॉलिसींत नुसती कर्जाची रक्कम टाकलेली दिसते, त्यामुळे पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे तपशिलाच्या पानावर, आकडा बघून घ्या. तो कमी असला तरी घाबरू नका, कारण या पॉलिसीत कमी विम्याची कपात लागत नाही. समजा घर बांधायला ३० लाख लागतात, विमा २० लाखांचाच आहे आणि नुकसान ९० हजारांचं. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत त्याच प्रमाणात कापून ६० हजार मिळाले असते. इथे, तुम्ही क्षेत्रफळ वगैरे खरं सांगितलेलं असेल तर, ९० हजारांचा विचार होतो. बाल्कनी हॉलमध्ये घेऊन चटई क्षेत्र दहा टक्क्यांहून जास्त वाढवलं असेल आणि कंपनीला कळवलं नसेल, तर त्या वाढीव भागाचे पैसे अडतात. त्या भागातलं फ्लोअरिंगही मग अडकतं.

दुरुस्तीचा मापदंड 'नुकसानाच्या वेळी घर जसं होतं साधारण तसं' हा आहे. त्यामुळे आधीच्या लॅमिनेटऐवजी महागडं लाकूड टाकायचं असेल, तर फरक तुमच्या खिशातून. सगळ्यात जास्त वाद होतो तो जुळणीवरून. सहा पट्ट्या फुगल्या, बाकी ठीक, पण ते डिझाइन आता बाजारात नाही. जुळणारा रंग देऊच असं वचन पॉलिसी देत नाही, पण ठिगळ लावलेली खोली 'आधी होती तशी' आहे असंही म्हणता येत नाही. मी अशा वेळी एक खोली, उंबऱ्यापर्यंत, हा एकक धरतो. डिझाइन बंद झाल्याचं विक्रेत्याचं पत्र, जुन्या खोक्यावरचा शेड नंबर आणि उरलेली एखादी पट्टी सोबत दिलीत, तर सर्व्हेअरला तसं लिहिणं सोपं जातं. शेजारच्या, कोरड्या राहिलेल्या खोलीचं फ्लोअरिंग जुळावं म्हणून बदला, ही मागणी मात्र टिकत नाही.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहून गेली आहे. पाणी वरून आलं, म्हणजे छताचं प्लास्टर, पीओपी, भिंतीचा रंग, बेडरूमच्या दाराच्या चौकटीचा खालचा भाग यांनाही काही ना काही झालं असणार. हे सगळं इमारतीत येतं. फ्लोअरिंगच्या नादात लोक हे विसरतात आणि नंतर मागायला जातात, तेव्हा नवीन रंग लागलेला असतो आणि बघायला काही उरलेलं नसतं. एकाच क्लेममध्ये सगळं घाला. मलबा हटवण्याचा वाजवी खर्च क्लेमच्या दोन टक्क्यांपर्यंत धरला जातो, त्याचीही पावती ठेवा.

वरच्या शेजाऱ्यांचं काय, असंही कोणी विचारेल. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामायिक पाइपलाइनची गळती सोसायटीने निस्तरायची, आणि संडास, सिंक अशा आतल्या गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांनी करायचा. म्हणजे तुमच्याकडे शेजाऱ्यांकडून भरपाई मागण्याचाही मार्ग आहे, आणि गालिच्याचे पैसे तुम्हाला तिथूनच मिळू शकतात. सोसायटीची इमारतीवर पॉलिसी असेल तर ती सदनिकांच्या आतल्या भागाला लागू आहे का, हे सचिवांना विचारा. कित्येक ठिकाणी ती फक्त सामायिक भागापुरती असते. शेजाऱ्यांनी थोडे पैसे देऊन 'आता काही मागणी नाही' असा कागद पुढे केला, तर विमा कंपनीला विचारल्याशिवाय सही करू नका. त्यांच्याकडून वसुली करण्याचा कंपनीचा हक्क त्या सहीने बुडू शकतो, आणि मग कंपनी तुमच्यावरच बोट ठेवते.

आता लगेच करायच्या गोष्टी. फोनवर विसंबू नका, ईमेलने लेखी क्लेम नोंदवा आणि क्रमांक घ्या. घटना म्हणून 'पाइप फुटल्यामुळे पाणी', तारीख आणि वेळ लिहा. 'लीकेज' किंवा 'सीपेज' हे शब्द सवयीने लिहिले जातात आणि नंतर तेच तुमच्यावर उलटतात. खरं जे घडलं ते फुटणं आहे, तर तेच लिहा. मालमत्तेच्या रकान्यात 'इमारत: बसवलेलं फ्लोअरिंग, टाइल्स, छत, रंग' असं मांडा. गालिचा या यादीत घालू नका, त्याने बाकीच्या यादीचीही किंमत कमी होते. पाणी काढणं, पंखे लावून वाळवणं जरूर करा, नुकसान वाढू न देणं तुमचं कर्तव्यच आहे. पण सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत लॅमिनेट उखडून टाकू नका. टाकावंच लागलं, तर आधी व्हिडिओ काढा आणि फुगलेल्या दोनचार पट्ट्या फोमसकट जपून ठेवा.

एवढं करूनही 'लॅमिनेट म्हणजे सामान' असं लेखी उत्तर आलं, तर कोणत्या कलमाच्या आधारे, हे विचारा आणि सर्व्हे अहवालाची प्रत मागा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. आयआरडीएआयच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवरही तक्रार टाकता येते. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. त्याला फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे त्यांच्या कक्षेत येतात. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे त्यांची कार्यालयं आहेत. मात्र नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं, आणि तोच वाद ग्राहक आयोगात किंवा कोर्टात चालू असेल तर लोकपाल तो घेत नाहीत.

नूतनीकरणाच्या वेळी सामानाचं कव्हरही मागून घ्या. इमारत आणि सामान दोन्ही घेतलं, तर इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांइतकं, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंतचं सर्वसाधारण सामान वेगळी यादी न देता धरलं जातं. तेव्हा गालिचाही कव्हरमध्ये येतो, आणि लॅमिनेटला कोणी सामान म्हटलं तरी तुमचं काही अडत नाही.